वर्गाच्या दारावरचा निकाल : केनियातली मतमोजणी

आपल्याकडे मतदान झालं की मशिन सील होऊन स्ट्राँगरूममध्ये जातं आणि मोजणी पुढे ठरलेल्या दिवशी एका मोठ्या केंद्रावर होते. केनियात असं नाही. तिथे मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं आणि मोजल्याशिवाय मतपेटी जागेवरून हलत नाही. ज्या शाळेच्या वर्गात मत टाकलं, त्याच वर्गात, त्याच रात्री, पक्षांच्या एजंटांसमोर मोजणी. मग निकालाचा कागद त्याच वर्गाच्या दारावर चिकटवतात. त्या कागदाचं नाव फॉर्म 34ए. राजधानी नैरोबीत मटाटूच्या, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसच्या, कंडक्टरपासून वकिलापर्यंत सगळ्यांना हे नाव पाठ आहे. तिथलं राजकारण समजून घ्यायचं तर भाषणांआधी हा कागद समजून घ्यायला हवा.

त्यामागे 2007 ची जखम आहे. त्या डिसेंबरात मोजणीच्या आकड्यांवरून वाद पेटलेला असतानाच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी विजयी जाहीर झाले आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा शपथविधीही उरकला. त्यानंतरच्या हिंसाचारात 1,100 हून अधिक माणसं मेली, सुमारे सहा लाख बेघर झाली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने किबाकी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी राइला ओडिंगा यांच्यात सत्तावाटप झालं. पुढे चौकशी आयोगाने म्हटलं की आकड्यांची इतकी नासाडी झाली आहे की खरं कोण जिंकलं हे आता सांगता येणार नाही. केंद्रावर लिहिलेला आकडा आणि राजधानीत वाचला गेलेला आकडा यांच्यामध्ये काय घडलं, हे दाखवणारी साखळीच नव्हती. 2010 च्या राज्यघटनेने आणि नंतरच्या कायद्यांनी ती साखळी बांधायचा प्रयत्न केला.

मतदानाचा दिवस घटनेतच ठरलेला आहे : दर पाचव्या वर्षी ऑगस्टचा दुसरा मंगळवार. वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. पाचला जो रांगेत आहे त्याला मत देता येतं. एका केंद्रावर जास्तीत जास्त 700 मतदार, म्हणून एकाच शाळेत आठ-दहा केंद्रंही असतात. मतदार ओळखपत्र दाखवतो, 'किम्स' नावाच्या टॅब्लेटसारख्या यंत्रावर बोट टेकवतो आणि हातात सहा मतपत्रिका पडतात : राष्ट्राध्यक्ष, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा) गव्हर्नर, सिनेटर, खासदार, काउंटीची महिला प्रतिनिधी आणि वॉर्डचा सदस्य. प्रत्येक पत्रिकेचा रंग वेगळा, आणि पेटीचं झाकण त्याच रंगाचं. राष्ट्राध्यक्षाची पत्रिका पांढरी. ती चुकून दुसऱ्या रंगाच्या पेटीत पडली तर मोजणीत धरत नाहीत. पहिल्यांदा मत देणाऱ्यांची मतं अशी हकनाक वाया जातात.

मतदान संपलं की आधी राष्ट्राध्यक्षाची पेटी उघडतात. केंद्राध्यक्ष एकेक पत्रिका उचलतो, नाव मोठ्याने वाचतो आणि एजंटांना दिसेल अशी धरतो. एजंट आपल्या वहीत रेघा मारत जातात. कुणाला शंका आली तर फेरमोजणी मागता येते, पण दोनदाच. मग फॉर्म 34ए भरला जातो : नोंदणीकृत मतदार किती, प्रत्येकाला मतं किती, बाद किती, वैध किती. खाली केंद्राध्यक्षाची आणि एजंटांची सही. एखाद्या एजंटाने सही नाकारली तर कारण लिहायचं. त्याने निकाल रद्द होत नाही. एजंटांना प्रती मिळतात, एक प्रत दारावर जाते. 'किम्स'ने फॉर्मचा फोटो काढून निवडणूक आयोगाकडे, म्हणजे आयईबीसीकडे पाठवतात आणि मूळ कागद घेऊन केंद्राध्यक्ष स्वतः मतदारसंघाच्या मोजणी केंद्रावर जातो. तिथे सगळ्या 34एची बेरीज होऊन 34बी तयार होतो. 290 मतदारसंघांचे आणि परदेशातल्या मतदारांचे 34बी एकत्र करून नैरोबीत शेवटचा 34सी.

2017 मध्ये या साखळीची कडी तुटली. टीव्हीवर आकडे धावत होते, पण त्यांच्यामागचे फॉर्म वेळेवर दिसत नव्हते. अकरा हजारांहून अधिक केंद्रांवर थ्रीजी नेटवर्क नाही, असं आयोगानेच सांगितलं होतं. काही फॉर्मवर सही-शिक्का किंवा सुरक्षाचिन्हं नव्हती आणि सर्व्हर तपासू द्यायचा न्यायालयाचा आदेश आयोगाने पूर्णपणे पाळला नाही. 1 सप्टेंबर 2017 ला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 2 मतांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, म्हणजे उहुरू केन्याटांचा विजय, रद्द केली. विद्यमान राष्ट्राध्यक्षाचा विजय न्यायालयाने रद्द करावा, हे आफ्रिकेत तोवर घडलं नव्हतं. मला त्या निकालातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही : निवडणूक म्हणजे फक्त शेवटचा आकडा नव्हे, तो कसा आला तेही निवडणूकच, असं न्यायालयाने ठासून सांगितलं. फेरनिवडणुकीवर मात्र ओडिंगांनी बहिष्कार टाकला आणि उहुरू केन्याटा 98 टक्के मतं घेऊन जिंकले. निकालपत्रक नीट असलं तरी समोर उमेदवार लागतोच.

2022 मध्ये आयोगाने वेगळी वाट धरली. टीव्हीवर स्वतःची बेरीज दाखवण्याऐवजी 46,229 केंद्रांचे 34ए पोर्टलवर जसेच्या तसे टाकले. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं आणि बेरीज करावी. वृत्तवाहिन्यांनी माणसं बसवून बेरजा केल्या. त्यांचे आकडे मागेपुढे धावत राहिले, कारण प्रत्येकाने फॉर्म वेगळ्या क्रमाने उचलले होते. शेवटी विल्यम रुटो 71,76,141 मतं घेऊन पुढे, ओडिंगा 69,42,930 वर. फरक 2,33,211. केंद्रांच्या संख्येने भागलं तर दर केंद्रामागे जेमतेम पाच मतं. आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी हा निकाल मान्य नसल्याचं जाहीर केलं, तरी सर्वोच्च न्यायालयाने 5 सप्टेंबरला तो एकमताने कायम केला. पोर्टलवरचे फोटो आणि तपासलेले मूळ कागद यांत फरक आढळला नव्हता.

गडबड होते ती बहुतेक माणसांच्या पातळीवर. विरोधकाच्या बालेकिल्ल्यात पक्षाला एजंट मिळत नाहीत. मिळाले तर भत्ता वेळेवर पोचत नाही आणि थकलेला माणूस मध्यरात्री प्रत न घेताच घरी जातो. दिवसभर राबलेला केंद्राध्यक्ष बेरीज चुकतो. यंत्र बोट ओळखत नाही, मग छापील यादी काढावी लागते. 2022 मध्ये काकामेगा आणि मक्वेनी काउंटींच्या काही भागांत तेच झालं.

मतं मोजण्याइतकंच ती जोडणं अवघड आहे. जिंकायला निम्म्याहून अधिक मतं तर हवीतच, शिवाय 47 पैकी किमान 24 काउंटींत प्रत्येकी 25 टक्के. एका जमातीच्या जोरावर हे जमत नाही, म्हणून किकुयू, कालेंजिन, लुओ, लुह्या, कांबा नेत्यांच्या मोळ्या बांधाव्या लागतात आणि उपराष्ट्राध्यक्षपद हा त्यातला मोठा सौदा असतो. तरी आजवरचे पाचही राष्ट्राध्यक्ष किकुयू किंवा कालेंजिनच. मोळी सुटते तेव्हा आवाजही होतो : रुटोंसोबत निवडून आलेले उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गाचाग्वा ऑक्टोबर 2024 मध्ये महाभियोगाने गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये तरुण पोरं-पोरी करवाढीच्या विधेयकाविरुद्ध रस्त्यावर आली, कुठल्याही पक्षाच्या किंवा जमातीच्या झेंड्याशिवाय. 25 जूनला जमाव संसदेत घुसला, दुसऱ्या दिवशी रुटोंनी विधेयकावर सही करायला नकार दिला. त्या आंदोलनात पन्नासहून अधिक जीव गेले, असं तिथल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोंदवलं. ही किंमत भयंकर आहे, आणि ती मुलं विसरलेली नाहीत. एवढं सगळं घडत असताना निवडणूक आयोगात मात्र जानेवारी 2023 पासून जुलै 2025 पर्यंत एकही सदस्य नव्हता. नव्या सदस्यांना तयारीला जेमतेम दोन वर्षं मिळाली.

पुढचं मतदान 10 ऑगस्ट 2027 ला आहे. त्या सुमारास नोकरीला किंवा नातलगांकडे जाणार असाल तर थोडं नियोजन करा. मतदार आपापल्या गावी जातात, त्यामुळे आदल्या आठवड्यात बसची तिकिटं महागतात आणि घरकामाला येणारी माणसं सुट्टीवर असतात. पीठ, तांदूळ, गॅस, फोनचं रिचार्ज आधीच भरून ठेवा. निकालाला आठवडा लागू शकतो. जाहीर झाल्यावर सात दिवसांत न्यायालयात अर्ज करता येतो, अर्जापासून चौदा दिवसांत निर्णय द्यावाच लागतो. म्हणजे साधारण महिनाभर शहर जपून चालतं. विमानाचं तिकीट शपथविधीच्या आसपासचं काढू नका.

आणि मतदानानंतरच्या सकाळी जवळच्या शाळेवरून जाणं झालंच, तर दारावरचा कागद नक्की वाचा. आकडे हाताने लिहिलेले असतात, खाली सह्या असतात. नंतर पोर्टलवर त्याच केंद्राचा फोटो उघडून आकडे ताडून पाहता येतात.