‘द किंग ऑफ किंग्ज’ मराठी पाट्यांसह : तीन खेळांनंतरची नोंद

सेसिल बी. डिमिल यांच्या १९२७ सालच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ या येशूचरित्रावरील मूकपटाच्या पाट्या, म्हणजे दृश्यांच्या मध्ये पडद्यावर येणारा मजकूर, मराठीत आणण्याचे काम एकदाचे पुरे झाले असून, गेल्या दीड महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभागृहात त्याचे तीन खेळ लावता आले. प्रत्येक खेळाला वीस-बावीस माणसे होती. मी पडद्याकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून कोपऱ्यात बसलो आणि कोणत्या प्रसंगी कोण हसले, कोण बोलले, कोण उठून गेले हे वहीत टिपत गेलो. पुढील मजकूर त्या वहीवरून लिहिला आहे.

प्रत १५५ मिनिटांची, म्हणजे पहिल्या प्रदर्शनाची निवडली. पुढे सर्वत्र दाखवली गेलेली ११२ मिनिटांची प्रत सोयीची असली, तरी मला लोक कुठे कंटाळतात हेही पाहायचे होते. पाट्यांचे भाषांतर वाटले होते त्याहून सोपे गेले, कारण बहुतेक पाट्यांवर बायबलमधील वचन अध्याय-ओवीच्या आकड्यासह छापलेले आहे. मराठी बायबल उघडावे आणि ते वचन उतरवून घ्यावे. अडचण वेळेची आली. आमच्याकडील ज्येष्ठ मंडळी पाटी मनात वाचत नाहीत, मोठ्याने वाचतात, आणि शेजारच्याला न दिसल्यास त्यालाही वाचून दाखवतात. पहिल्या खेळात निम्म्या पाट्या वाक्य संपण्यापूर्वीच गेल्या, तेव्हा दुसऱ्या खेळापूर्वी प्रत्येक लांब पाटीची चौकट तीन ते चार सेकंद गोठवून धरली. तरुणांना ते रेंगाळल्यासारखे वाटले. त्यांची तक्रार मी ऐकून घेतली आणि सोडून दिली.

आरंभीचा मेजवानीचा प्रसंग दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीने चित्रित केलेला आहे. मग्दालीया मरीया ऐश्वर्यात लोळते आहे, तिचा प्रियकर यहूदा (येशूला पुढे दगा देणारा शिष्य) सुताराच्या मुलामागे, म्हणजे येशूमागे, गेल्याचे कळताच ती रागाने उठते आणि आपल्या रथाला झेब्रे जुंपण्याची आज्ञा करते. तिन्ही खेळांत इथे हशा पिकला. त्यानंतर चित्र कृष्णधवल होताच दोन वेळा कुणीतरी मागे वळून ‘रंग गेले का?’ असे विचारले आणि एकदा तर एक गृहस्थ प्रोजेक्टरची तार तपासण्यास उठले. आता खेळाआधी हे सांगून टाकतो.

खरी नोंद करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. येशू बराच वेळ पडद्यावर येतच नाही. त्याच्याविषयी लोक बोलतात, गर्दी त्याच्याकडे धावते, आणि अखेर एका आंधळ्या मुलीच्या दृष्टीने आपण त्याला पाहतो. पडदा काळा होतो, त्यात हळूहळू उजेड भरतो आणि त्या उजेडातून एच. बी. वॉर्नर यांचा चेहरा वर येतो. १९२७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या गेयटी थिएटरात झालेल्या पहिल्या खेळाविषयी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने लिहिले होते की प्रेक्षकांत क्वचितच कुणी कुजबुजले. आमच्याकडे पडदा काळा होताच सगळे बोलू लागले आणि चेहरा दिसताच थांबले. दुसऱ्या खेळाला पहिल्या रांगेत बसलेल्या, नित्यनेमाने हरिपाठ म्हणणाऱ्या आजींनी हात जोडले. मध्यंतरात चहा देताना मी त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अरे, पोरीला दिसायला लागलं ना! मग कोणी दाखवलं ते कशाला विचारायचं?’’

दादासाहेब फाळक्यांची आठवण इथे टाळता येत नाही. या चित्रपटाच्या कितीतरी आधी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहताना आपल्या मनासमोर श्रीकृष्ण आणि श्रीराम, त्यांचे गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी १९१७ साली ‘नवयुग’मधील लेखात सांगितले आहे. ती आठवण मी आजवर एका निर्मात्याच्या स्फूर्तीची हकिकत म्हणून वाचत होतो. ती आधी एका प्रेक्षकाची प्रतिक्रिया आहे, हे आजींच्या उत्तरानंतर माझ्या ध्यानात आले. मूकपटात आवाज नसल्यामुळे पाहणाऱ्याला आपला देव तिथे बसवण्यास जागा मिळते, असे माझे मत बनत चालले आहे.

तिसऱ्या खेळाने मात्र या मताला एक गाठ मारली. मूळचे अलिबागकडचे एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक यहुदी समाजातले, स्नेही त्या दिवशी आले होते. त्यांच्या समाजात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्यामुळे मोशे, योसेफ यांच्या कथा मराठीत ऐकणे त्यांना नवीन नव्हते. येशूला दोषी ठरवणारा यहुद्यांचा मुख्य याजक (धर्मगुरू) कयफा पडद्यावर आला की ते खुर्चीत मागे सरकून बसत, हे मी तीनदा टिपले. खेळानंतर ते म्हणाले, ‘‘कयफा लोभी दाखवला याला माझी हरकत नाही. पण त्याचा तो पोशाख तुम्ही सर्वजण लोभाचा पोशाख म्हणून लक्षात ठेवाल, ही माझी अडचण आहे.’’ हीच हरकत १९२७ साली अमेरिकेतील यहुदी संघटनांनी घेतली होती आणि त्या विरोधानंतर चित्रपटाच्या पाट्यांत फेरफार करण्यात आले. कयफा आणि यहूदा या दोन्ही भूमिका रुडॉल्फ आणि जोसेफ शिल्डक्राउट या यहुदी पितापुत्रांनीच केल्या आहेत, ही गोष्ट मी स्नेह्यांना सांगितली; त्यांनी ती ऐकली, पण त्यामुळे त्यांचे समाधान झाले नाही, आणि व्हावे तरी का? शेवटी ‘दोषी मी एकटाच’ असे कयफा म्हणतो, ती पाटी मात्र त्यांनी मला पुन्हा लावायला सांगितली आणि उभे राहून वाचली.

आता साथीविषयी. पहिल्या खेळाला ध्वनिमुद्रित संगीत होते, पुढच्या दोहोंना एका मित्राने पेटी वाजवली. मोडक्या पायाची बाहुली घेऊन एक लहानगी येशूकडे येते आणि तो ती दुरुस्त करून देतो, तिथे पेटी पूर्ण थांबवण्याची त्याची कल्पना उत्तम ठरली. वधस्तंभाच्या प्रसंगी त्याने सुरुवातीलाच भैरवी धरली, ती चूक होती, कारण भैरवी ऐकताच मागच्या दोन रांगा कार्यक्रम संपला असे समजून चपला शोधू लागल्या आणि पुनरुत्थानाचा रंगीत भाग त्यांनी दारात उभे राहून पाहिला.

चौथ्या खेळापूर्वी तीन कामे आहेत. ‘यहुदी पुढारी’ असे मी जिथे सैलपणे लिहिले होते, त्या पाट्यांवर मूळाप्रमाणे कयफाचे नाव घालायचे आहे. येशू मृत लाजराला जिवंत करतो त्या प्रसंगातील दोन पाट्या अजून घाईत जातात, त्या गोठवायच्या आहेत. आणि मित्राला वधस्तंभाच्या प्रसंगी भैरवीऐवजी जोगिया राग घेण्याविषयी विचारले आहे, त्याचा निरोप यायचा आहे.