बत्तीस जीबी रॅम, तरीही ‘लो मेमरी’

मे महिना, लग्नांची गर्दी, आणि नागपुरातल्या सक्करदऱ्याकडच्या एका एडिटिंग रूममधून दुपारी फोन. लग्नाची ३८ मिनिटांची फिल्म, टाइमलाइन ३८४० बाय २१६० (४के), सेकंदाला २५ फ्रेम, एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो. दोन दिवसांपासून एक्सपोर्ट, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढणं, पूर्ण होत नव्हतं. आधी कोपऱ्यात पिवळा इशारा यायचा, की सिस्टम मेमरी फार कमी उरली आहे, प्रोजेक्ट सेव्ह करा आणि जपून पुढे जा. मग साधारण १४ व्या मिनिटाला ‘एरर कंपायलिंग मूव्ही’. रविवारी रिसेप्शन, हातात दीड दिवस.

“भाऊ, रॅम तर बत्तीस आहे ना, मंग लो मेमरी काहून म्हणून राहिला हा?” एडिट करणाऱ्या पोराचा पहिला प्रश्न. आणखी ३२ जीबीचा भाव तो सीताबर्डीला सकाळीच विचारून आला होता.

खोलीत कूलर धडधडत होता आणि त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर. ते आधी फिरवायला लावलं. या तक्रारीशी त्याचा संबंध नव्हता. मशीन तापलं तर रेंडर मंदावतं, फार तर रीस्टार्ट होतं. मेमरीचा इशारा देत नाही. पण आपल्याकडच्या कूलरचं पाणी आणि धूळ बोर्डावर बसली की वर्षभराने वेगळंच दुखणं सुरू होतं.

अशा वेळी मी प्रीमियरच्या सेटिंगला आधी हात लावत नाही. टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जायचं आणि एक्सपोर्ट पुन्हा सुरू करायचं. सगळे वरचा आलेख बघतात; बघायचा असतो त्याखालचा ‘कमिटेड’चा आकडा. इशारा आला त्या क्षणी ‘इन यूज’ होतं २३.८ जीबी. म्हणजे आठेक जीबी रॅम मोकळी. आणि कमिटेड ३१.५/३१.९.

सगळं उत्तर त्या दुसऱ्या जोडीत होतं. एखादा प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती लगेच भरून देत नाही, देण्याचं वचन देते. अशा सगळ्या वचनांची बेरीज म्हणजे कमिटेड. वचनं किती द्यायची याची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल (रॅमला जोड म्हणून ड्राइव्हवर राखलेली जागा). मर्यादा संपली की रॅम रिकामी पडलेली असली तरी पुढची मागणी नाकारली जाते. एडिटिंग सॉफ्टवेअर मोठमोठे तुकडे आगाऊ मागून ठेवतं, ग्राफिक्स ड्रायव्हरही स्वतःच्या नावावर बरंच राखून ठेवतो. ३२ जीबीच्या मशीनवर मर्यादा बरोबर ३१.९ दिसत असेल, तर पेजफाइल शून्य आहे हे उघड होतं.

पक्कं करायला विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम, आणि फिल्टरमध्ये इव्हेंट आयडी २००४. सोर्स ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’. दोन दिवसांत सहा नोंदी. अशा नोंदीत सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्यांची नावं बाइट्ससकट असतात. इथे पहिला मीडिया एन्कोडरने (प्रीमियरसोबतचं, एक्सपोर्टची रांग चालवणारं सॉफ्टवेअर) मागे उघडलेला ‘प्रीमियर प्रो हेडलेस’, त्याचा आकडा अकरा अंकी. दुसरं खुद्द प्रीमियर, तिसरा ब्राउझर. म्हणजे एक्सपोर्ट मीडिया एन्कोडरच्या रांगेत टाकून प्रीमियरही उघडंच ठेवलं होतं, आणि तोच प्रोजेक्ट मेमरीत दोनदा चढला होता.

पेजफाइल कोणी बंद केली? त्यानेच, महिन्याभरापूर्वी. सी ड्राइव्ह २५० जीबीची, लाल झाली होती, जागा करायची होती. शिवाय पेजफाइल बंद केली की एसएसडी जास्त टिकते असं कुठेतरी ऐकलेलं. सी भरली होती प्रीमियरच्या मीडिया कॅशने, म्हणजे क्लिप पटकन चालाव्यात म्हणून त्याने बनवलेल्या तात्पुरत्या फाइल्सनी, ८७ जीबी. कॅश डीफॉल्ट जागी, म्हणजे सी वरच्या युजर फोल्डरमध्ये, साचत गेली होती. दुखणं कॅशचं आणि कापली पेजफाइल.

म्हणून आधी कॅश. प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश, तिथे कॅश फाइल्स आणि कॅश डेटाबेस या दोन्हींची जागा दुसऱ्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ड्राइव्हवर नेली आणि न वापरलेली कॅश डिलीट केली. ठरावीक दिवसांपेक्षा जुनी कॅश आपोआप काढायचा पर्याय तिथेच असतो. तो ९० दिवसांवर लावला. मग विंडोजच्या सर्चमधून ‘ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’, ॲडव्हान्स्ड टॅब, व्हर्च्युअल मेमरी, चेंज. सी वर कस्टम साइज: सुरुवातीची १६३८४ एमबी, कमाल ३२७६८. ‘सेट’ दाबल्याशिवाय ओके केलं तर काहीच बदलत नाही, इथे हमखास चूक होते. ‘सिस्टम मॅनेज्ड’ ठेवलं तरी चालतं, पण तेव्हा पेजफाइल ड्राइव्हच्या आठव्या हिश्श्यापुढे वाढत नाही. छोट्या आणि भरलेल्या सी वर मी आकडा हातानेच देतो. हार्ड डिस्कवर पेजफाइल ठेवू नका; इशारा जाईल आणि मशीन रांगायला लागेल.

रीस्टार्टनंतर मर्यादा ४७.९. प्रेफरन्सेसच्या मेमरी टॅबमध्ये इतर प्रोग्रॅमसाठी राखीव रॅम ३ जीबी केलेली सापडली. प्रीमियरला जास्त मिळावं म्हणून लोक हा आकडा खाली ओढतात आणि मग ड्रायव्हर, विंडोज, ब्राउझर सगळ्यांचीच घुसमट होते. तो ८ केला, ‘ऑप्टिमाइझ रेंडरिंग फॉर’ मेमरीवर टाकलं. सीक्वेन्स (टाइमलाइन) सेटिंगमधली ‘मॅक्सिमम रेंडर क्वालिटी’ची खूण काढली. ती फक्त छोटं-मोठं करताना दर्जा वाढवते आणि रॅम भरपूर खाते. मेमरी क्लीनर नावाचं एक ॲपही चालू होतं, ते काढलं. असली ॲप्स प्रोग्रॅमची पानं (मेमरीचे तुकडे) रॅममधून बाहेर ढकलतात, दिलेली वचनं तशीच राहतात.

दुसरा एक्सपोर्ट, या वेळी प्रीमियर बंद ठेवून. कमिटेड ३८ पर्यंत गेलं, पिवळा इशारा नाही. पोरगा खूश. आणि १४ मिनिटं २२ सेकंदांवर पुन्हा धाडकन एरर.

त्याच जागी, हे महत्त्वाचं. मेमरी हळूहळू भरत असेल तर एरर दर वेळी थोडी वेगळ्या ठिकाणी येते. एकाच टाइमकोडला अडत असेल तर दोष त्या फ्रेममध्ये. आधी-नंतरचे पाच सेकंद इन-आउट लावून फक्त तेवढंच एक्सपोर्ट केलं, तरी एरर. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ केला, म्हणजे काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर टाकलं, तर तोच तुकडा रडतखडत का होईना, निघाला. म्हणजे आता रॅम नाही, ग्राफिक्स कार्डाची मेमरी. कार्ड ६ जीबीचं. टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड जीपीयू मेमरी एररच्या आधी ५.८ ला टेकत होती.

त्या जागी काय होतं? फोटोंची चौकट. हळद, मेंदी, वरात, सप्तपदी असे बारा फोटो एकाच वेळी पडद्यावर, चार बाय तीन. फोटोग्राफरने ४५ मेगापिक्सेलचे मूळ जेपीईजी दिलेले, ८१९२ बाय ५४६४, ते तसेच टाइमलाइनवर. फाइल १५ एमबीची दिसते, पण मेमरीत ती उलगडून बसते. एका पिक्सेलला चार चॅनल, ३२-बिट फ्लोटमध्ये प्रत्येकी चार बाइट, म्हणजे १६ बाइट. एक फोटो ७१६ एमबी. बारा फोटो साडेआठ जीबीच्या वर, आणि कार्ड सहाचं. पडद्यावर मात्र प्रत्येक फोटोला मिळते ९६० पिक्सेल रुंदी.

उपाय दोन. ‘स्केल टू फ्रेम साइज’ फोटोला सीक्वेन्सच्या मापात आणून मगच पुढे देतं, त्याने भार कमी होतो. शेजारचंच ‘सेट टू फ्रेम साइज’ फक्त स्केलचा आकडा बदलतं, मूळ पिक्सेल तसेच राहतात. नावं सारखी आणि काम उलट, त्यामुळे या दोहोंत नेहमी घोळ होतो. आम्ही मुळावरच गेलो: फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, इमेज प्रोसेसर, ‘रिसाइझ टू फिट’ १९२० बाय १९२०. सगळे फोटो आडवे होते, त्यामुळे १९२० बाय १२८० निघाले, एक फोटो ३९ एमबी. बारा मिळून अर्ध्या जीबीच्या आत.

इथे एक खाच आहे. नाव तेच ठेवून रीलिंक केलं, म्हणजे टाइमलाइन नव्या फाइल्सना जोडली, की फोटो बदलतात, पण स्केलचा आकडा जुनाच राहतो. ८१९२ च्या फोटोला ९६० वर आणायला ११.७ टक्के लागत होते, १९२० च्या फोटोला ५० लागतात. रीलिंकनंतर पडद्यावर काळ्या जागेत बारा टिकल्या दिसल्या तेव्हा पोराचा चेहराच उतरला. अशा चार चौकटी होत्या, ४८ फोटो. स्केलमध्ये ४८ वेळा ५० टाइप केलं. बाकीच्या मोंटाजला मुद्दाम हात लावला नाही. तिथे एका वेळी जास्तीत जास्त दोन फोटो, आणि झूमच्या कीफ्रेम (हालचालीच्या खुणा) १४० ठिकाणी. ते सगळं पुन्हा बसवायला रविवार उजाडला असता.

संगीताच्या रात्रीच्या सहा मिनिटांवर नॉइज काढणारा प्लगइन होता. तो एका फ्रेमसाठी आजूबाजूच्या दोन-दोन फ्रेम धरून ठेवतो. ४के ची एक फ्रेम त्याच हिशोबाने १३३ एमबी, पाच मिळून ६६० च्या वर. शिवाय त्याच क्लिपवर स्टॅबिलायझर. तिथे एरर नव्हती, पण कार्ड काठावर चालत होतं. त्या क्लिप्सवर ‘रेंडर अँड रिप्लेस’, म्हणजे इफेक्टसकट नवी फाइल बनवून तीच टाइमलाइनवर, प्रोरेस ४२२ फॉरमॅटमध्ये. मिनिटाला साधारण ३.७ जीबी, एकूण २२ जीबी जागा गेली आणि प्लगइनचं ओझं एकदाच उचलून झालं. मूळ क्लिप हवी असेल तर ‘रिस्टोअर अनरेंडर्ड’ने परत येते.

रात्री साडेअकराला तिसरा एक्सपोर्ट लावला, एच.२६४, ५० एमबीपीएस. कमिटेड ३४ च्या आसपास, कार्ड ४.१ च्या वर गेलं नाही. फाइल निघाली १४ जीबीची. नवीन रॅम आणली असती तर पिवळा इशारा गेला असता हे खरं; १४ मिनिटं २२ सेकंदांची चौकट मात्र तशीच अडली असती.

सकाळी त्याने फाइल पूर्ण बघितली. वरातीतल्या एका मोबाइल क्लिपमध्ये ढोल हाताच्या जरा मागे वाजत होता. व्हेरिएबल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त होणं. ती क्लिप हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून २५ च्या कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढली, मूळ जागी बसवली आणि एक्सपोर्ट चौथ्यांदा लावला.