आमची वाटचाल: वहिनींचं टेबल

२००९ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याचा एक गाळा आणि धातू कातायचं एक जुनं लेथ घेऊन आम्ही सुरुवात केली. हे मशीनवर, मी बिलांवर. आज संगणकावर चालणारी तीन सीएनसी मशीनं आहेत आणि अकरा कामगार. कामगार मला वहिनी म्हणतात. कारखान्याची वाढ विचारली की आम्ही मशीनं मोजून दाखवतो. पण माझ्या टेबलावरचं कामही तेवढंच वाढलं, आणि ते बरीच वर्षं कुणाला दिसलंच नाही.

दहावा माणूस कामाला लागला तेव्हा ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नंबर घ्यावा लागला. जुलै २०१७ ला जीएसटी आला. आता महिना असा चालतो: ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापून घेतलेला आयकर), ११ ला आर-वन (जीएसटीचं विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १५ ला ईएसआय, २० ला थ्री-बी (जीएसटी भरायचं रिटर्न). अधेमधे पगार, प्रोफेशनल टॅक्स, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. यातलं कुठलंच काम तास-दीड तासाच्या वर नाही. पण ते डोक्यात महिनाभर बसून असतं.

दरवर्षी माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघाली की आम्ही दिघीला दर्शनाला जातो. एका वर्षी रथ अगदी समोर आला, मी हात जोडले, आणि मनात आलं ते ईएसआयचं चलन. भरलं का मी? रथ पुढे गेला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, परवाच भरलंस की." भरलंच होतं. परत येताना गाडीत मला रडू आवरेना. काम झालं होतं, तरी त्याची काळजी माझ्या डोक्यातून गेली नव्हती. वर्षातून एकदा होणारं दर्शन मात्र तसंच राहून गेलं.

त्यातून आपलं आपण वेळेवर भरलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २०२२ च्या जानेवारीपासून, माल देणाऱ्यानं त्याचं रिटर्न भरून आपलं बिल टू-बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या यादीत, दिसलं तरच त्यावर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, घेता येतं. स्टीलच्या बारचं लाखाचं बिल असलं तर जीएसटीचे १८ हजार अडकतात, म्हणजे एका माणसाचा पगार. म्हणून १० तारखेला मी दुकानदारांना फोन करत बसते, "दादा, आमचं बिल टाकलंत ना?" दुसऱ्याचं रिटर्नही आपणच लक्षात ठेवायचं.

मग बी.कॉम. झालेली एक मुलगी अर्धवेळ ठेवली. पहिले सहा महिने काहीच हलकं वाटलं नाही, कारण रोज सकाळी मीच सांगत होते, "आज हे भर, उद्या ते कर." काम तिच्याकडे गेलं, आठवण माझ्याकडेच राहिली. एका गुरुवारी, आमच्याकडे वीज आणि मशीनं बंद असतात तेव्हा, आम्ही तिघं बसलो आणि तारखाच वाटून टाकल्या. ईएसआय आणि पगारपत्रक पूर्ण तिचं. मी विचारायचं नाही, तिनं भरून पावती भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचायची. जॉबवर्कची, म्हणजे बाहेर कामाला पाठवलेल्या मालाची, चलनं आणि परत येणाऱ्या मालाचा हिशेब ह्यांच्याकडे. पहिल्या महिन्यात १५ तारखेला दुपारपर्यंत पावती दिसली नाही, तेव्हा मी तीनदा खुर्चीतून उठले आणि तीनदा बसले. चार वाजता तिनं पावती लावली. तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही तासभर असंच बसतो, आणि तो तास अजून मोडलेला नाही. नव्यानं धंद्यात पडलेल्या जोडप्यांना मी मशीन घेण्याआधी हा तास ठरवायला सांगते.

एक काम मात्र मला कुणाला देता आलेलं नाही. वसुली. कायद्यानं आमच्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, आणि २०२३-२४ पासून मुदत उलटून वर्षअखेरीलाही ते थकलेले असले तर माल घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. तरी आमचा सगळ्यात मोठा ग्राहक नव्वद दिवसांनी देतो. त्याच्या बिलावरचा जीएसटी मी पुढच्या २० तारखेलाच भरलेला असतो. तक्रारीची सोय सरकारनं केली आहे, पण निम्मं काम त्याच्याकडून येतं आणि अकरा घरं त्यावर चालतात. म्हणून दर सोमवारी साडेदहाला मीच फोन लावते.