सकाळी नंबर १०४, संध्याकाळी ६.४०

जुलैमधला सोमवार. ठाण्यात आठवडाभर पाऊस धरला की सरकारी ओपीडीत तापाची रांग लागते आणि मलेरिया, डेंग्यू, लेप्टो हेच शब्द दिवसभर कानावर पडतात. मी सकाळी एका सरकारी रुग्णालयात मानद फिजिशियन म्हणून बसते, संध्याकाळी पाचपाखाडीच्या बाजूला एका खाजगी रुग्णालयात. त्या दिवशी सकाळी नऊ ते साडेबारात माझ्या टेबलावर ११८ केसपेपर आले. माणशी किती मिनिटं, हा भागाकार मी करत नाही. केला की हात चालत नाही.

१०४ नंबरचे काका रिक्षावाले. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून साडेसहालाच येऊन उभे राहिलेले. आधी केसपेपरची रांग, मग रक्ताची, मग माझी. बारा वाजता समोर आले आणि स्टुलाच्या कडेवर नुसते टेकले.

"काय होतंय?"

"थकवा आहे मॅडम."

शुगर चढलेली होती. बीपी पाहिलं, गोळी वाढवली, महिन्यानं या म्हटलं. हात जोडून उठले आणि औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन लागले. साडेपाच तास थांबून दोन मिनिटं मिळाली, वर नमस्कारही मलाच.

संध्याकाळी एका पेशंटला आयसीयूत हलवण्यात माझा वेळ गेला. खाली आले तेव्हा सात वाजून गेले होते आणि काउंटरवर कुणाचा तरी आवाज चढला होता. "आठशे रुपये मोजून घेतलेत ना? सहा चाळीसची वेळ दिलीत ना? माणसाला असं ताटकळत ठेवता? पैसे परत करा आमचे!" रिसेप्शनवरची मुलगी "सर, फक्त पाच मिनिटं" एवढंच म्हणत होती. आमच्याकडची पाच मिनिटं किती लांबतात, हे तिलाही ठाऊक.

पाहते तर १०४ नंबर! इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, शेजारी मुलगी. मला बघितलं आणि काकांचा आवाज अर्ध्यातच बसला.

खरं सांगायचं तर मला रागच आला. सकाळी साडेपाच तास मुकाट उभा असलेला माणूस इथं पंचवीस मिनिटांत पैसे परत मागतो! केबिनपर्यंत जाता जाता राग उतरला. सकाळी आम्ही त्यांना नंबर दिला होता, संध्याकाळी वेळ. नंबराला उशीर होत नसतो, तो लागायचा तेव्हा लागतो. सहा चाळीस लिहून दिलं की सहा एक्केचाळीसला आपण खोटे पडलो. आणि दर दहा मिनिटाला एक नाव लावून मध्ये ओळखीचे दोन घुसवणारे आम्हीच.

मुलगीच बोलायला लागली. "दुपारी जिना चढताना मध्येच खाली बसले. विचारलं तर म्हणे काही नाही. मग मीच ऑनलाइन नाव लावलं."

जरा खोदून विचारल्यावर निघालं. पंधरा दिवसांपासून चढ आला की जबडा जड होतो, डावा हात भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. दाढ दुखते समजून काका लवंग धरत होते.

"काका, हे सकाळी का नाही बोललात?"

"मागं बाया लेकरं घेऊन उभ्या होत्या मॅडम. पोरं तापानं फणफणलेली. मी किती वेळ खाणार?" मग खाली बघत म्हणाले, "इथं पैसे भरलेत."

मधुमेह असलेल्याला हृदयविकाराच्या वेळी छातीत दुखेलच असं नाही, हे मी ज्युनिअर डॉक्टरांना येताजाता ऐकवत असते. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत काढायचा हा नियम दोन्हीकडे आहे आणि सकाळच्या त्या जत्रेतही आमच्या सिस्टर तो पाळतात. काका 'थकवा' म्हणाले, मीही पुढे विचारलं नाही.

ईसीजीत बदल होते, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही वाढलेलं. अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली. अँजिओग्राफी म्हटल्यावर मुलीनं आधी खर्च विचारला. आमचं रुग्णालय मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत नाही. घरी केशरी रेशनकार्ड होतं, तेव्हा योजनेतल्या दुसऱ्या खाजगी रुग्णालयात फोन केला. तिथं अँजिओप्लास्टीपर्यंतचा खर्च योजनेत बसतो आणि तातडीच्या वेळी मंजुरी फोनवरही घेता येते. मुलगी आधार आणि रेशनकार्ड आणायला धावली, आम्ही रुग्णवाहिकेची वाट बघत राहिलो. वीस मिनिटं लागली. काका स्ट्रेचरवर गप्प पडून. एकदाच बोलले, "त्या काउंटरवरच्या पोरीला सांगा, पैशाचं राहू दे."

त्याच रात्री स्टेंट बसला.

महिन्याभरानं सोमवारी सरकारी ओपीडीत ८१ नंबरला काका. मुलगी संध्याकाळचं नाव लावते म्हणत होती, यांनीच नको म्हटलं. या वेळी स्टुलावर नीट बसले. पिशवीतून डिस्चार्जचे कागद काढले, गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि पार झोपेपासून सांगायला सुरुवात केली.

दारातून एक बाई ओरडली, "ओ काका, आवरा की! मागं किती जण उभे आहेत बघा."

काकांनी मागं बघितलंच नाही.