दादर, कळणा आणि वर्षाची कोठी

जळगावात आम्ही दोघांनी बिऱ्हाड थाटले तेव्हा पहिली दोन वर्षे मी सगळा किराणा पाकिटांतूनच आणत असे. पोटात चांगले जावे म्हणून ज्वारीचे तयार पीठ, मिश्र धान्यांचे पीठ असे बरेच काही त्यात असायचे, आणि महिनाअखेरीस वही लिहिताना किराण्याचा आकडा घरभाड्याच्या जवळ जाऊन पोचायचा. अमळनेरजवळच्या गावाहून सासूबाई राहायला आल्या, तेव्हा त्यांनी ते पीठ चिमटीत धरून चोळले आणि म्हणाल्या, "याची विरी गेली आहे, भाकरी थापताना चिरेल." भाकरी खरोखरच चिरली. पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो, आणि आपण जास्त पैसे मोजून नेमके जुने पीठ घरी आणत होतो, हे मला तेव्हा उमगले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही प्रथमच वर्षाची ज्वारी भरली. आमच्याकडची दादर ही रब्बीची ज्वारी. पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर ती वाढते आणि कोरड्या हवेत पिकते, त्यामुळे दाणा पावसात सापडून काळा पडत नाही. काढणीनंतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्याने घेतली की वर्षभर सुटी घेण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. दळण मात्र पंधरा दिवसांपुरतेच करावे.

ज्वारीबरोबर उडीदही घेतो, तो सालीसकट. चार भाग ज्वारी, एक भाग उडीद आणि खडे मीठ एकत्र दळले की कळणा तयार होतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि उडदात ते भरपूर असते. उलट उडदात मिथिओनिन कमी, त्याची उणीव ज्वारी भरून काढते. म्हणून दोन्ही मिळून होणारी भाकरी एकट्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा सकस असते. कळण्याची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा आणि वर घाण्याचे शेंगदाणा तेल, एवढ्यावर आमचे आठवड्यातील तीन रात्रींचे जेवण होते. हिवाळ्यात जोडीला भरीत असते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी हंगामात ते इथल्या बाजारात कोणालाही परवडते. काट्याकुट्यांच्या जाळावर भाजण्याची सोय शहरात नाही, याचे वाईट वाटते.

साठवणीत पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. एप्रिलच्या उन्हात ज्वारी गच्चीवर दोन दिवस खणखणीत वाळवली आणि संध्याकाळी, धान्य हाताला गरम लागत असतानाच, घाईघाईने पत्र्याच्या कोठीत भरून झाकण लावले. गरम धान्य बंद कोठीत निवू लागले की वाफ धरते, पत्र्याला आतून ओल सुटते आणि त्या दमटपणात किडीचे फावते. श्रावणात झाकण उघडले तर वरचा थर सोंड्यांनी भरलेला होता. जवळजवळ अर्धी ज्वारी चाळून, निवडून, पुन्हा ऊन दाखवून वाचवली. उरलेली गुरांना गेली. आता धान्य सावलीत पूर्ण निवल्याशिवाय मी भरत नाही, आणि कडुनिंबाचा पालाही सावलीत कडकडीत वाळवूनच थरांमध्ये घालते, कारण ओला पाला स्वतःच ओल आणतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवते. ती वर्षभर टिकते.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घडाच्या सगळ्या फण्या बाहेर पडल्या की केळफूल कापून टाकतात, म्हणून तिकडून येणाऱ्या नातेवाइकांना मी हक्काने ते आणायला सांगते. प्रत्येक फुलातील कडक दांडी आणि पातळ पारदर्शक पापुद्रा काढून, चिरून ताकात बुडवले तर भाजी काळी पडत नाही. निवडायला तासभर लागतो, पण त्या दिवशी भाजीचा खर्च जवळजवळ नसतो.

घराच्या स्वच्छतेसाठी फार थोड्या वस्तू लागतात. बोअरच्या जड पाण्याने नळांवर बसणारे पांढरे डाग लिंबाच्या सालीने निघतात, तांब्या-पितळेला चिंच पुरते, आणि लोकरीचे कपडे मी रिठ्याच्या फेसात धुते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र मिसळून वापरणे मात्र मी सोडले, कारण ते एकमेकांना निष्प्रभ करतात आणि दोन्ही वाया जातात.

यंदाची दादर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच घरी आली आहे. दोन पोती रविवारी गच्चीवर पसरायची आहेत. सासूबाईंनी फोनवर बजावले आहे की उन्हातून उचलल्यावर ती रात्रभर खोलीत मोकळी राहू द्यावी आणि सोमवारी पहाटे कोठीत भरावी.