एका फुटाला तीन मिलिमीटर

ब्रिटनमध्ये रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचा छंद जोपासणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे डबल ओ या मापाच्या गाड्या असतात, ज्यांना जागेची अडचण आहे ते त्याहून लहान एन घेतात, आणि ज्यांच्या दाराशी मोठे गॅरेज किंवा बाग आहे त्यांपैकी काही जण मोठ्या ओकडे वळतात. मी ज्या मापात गाड्या जमवतो आणि बांधतो, ते यांपैकी एकही नाही. खऱ्या गाडीच्या एका फुटाला तीन मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६, हे ते माप. त्याला टीटी म्हणतात. मात्र हल्ली ‘टीटी म्हणजे कोणते?’ हे विचारून घेतल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही.

टीटी म्हणजे टेबल टॉप. दुसरे महायुद्ध संपत असताना अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एचपी प्रॉडक्ट्स या कंपनीने १:१२० या प्रमाणात आणि १२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर ही पद्धत सुरू केली. हिशेब सरळ होता. बाराला एकशेवीसने गुणले की १,४४० मिलिमीटर येतात आणि खऱ्या स्टँडर्ड गेजची, म्हणजे तिथल्या नेहमीच्या दोन रुळांमधल्या अंतराची, रुंदी १,४३५ आहे, म्हणजे जवळजवळ तंतोतंत. १९५७ साली इंग्लंडमध्ये केंटमधल्या मार्गेटच्या ट्राय-अँग या कंपनीने हेच रूळ उचलले, पण गाड्या मात्र थोड्या मोठ्या, तीन मिलिमीटरच्या प्रमाणात केल्या. याचे कारण ब्रिटिश रेल्वेच्या जन्मातच आहे. तिथले बोगदे, पूल आणि फलाट फार लवकर बांधले गेल्यामुळे ब्रिटिश इंजिने युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या इंजिनांपेक्षा अरुंद आणि बुटकी राहिली, आणि त्या काळच्या मोटारी १:१२० च्या ब्रिटिश बॉयलरमध्ये बसवणे अवघड होते. म्हणून अंग वाढवले आणि पाय होते तेवढेच ठेवले. परिणामी ट्राय-अँगचे टीटी इंजिन प्रमाणाप्रमाणे पाहिले तर बरोबर चार फूट रुंदीच्या रुळांवर धावते, आणि खरे रूळ तर चार फूट साडेआठ इंचांचे आहेत. समोरून पाहिले की ही उणीव लगेच डोळ्यांत भरते. डबल ओवाल्यांनी यावर हसण्याचे मात्र कारण नाही. त्याच अडचणीपायी त्यांचीही गाडी चार फूट दीड इंचाच्या रुळांवर उभी आहे.

ट्राय-अँगने सुरुवात ‘जिंटी’ या सहा चाकांच्या लहान टँक इंजिनाने केली. मागोमाग ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ‘विंडसर कॅसल’ आले आणि पुढे सदर्न रेल्वेचे ‘क्लॅन लाइन’. खरे कॅसल इंजिन टेंडरसह, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह, सुमारे ६५ फूट लांब असते, म्हणजे या मापात ते १९५ मिलिमीटरचे होते. हे इंजिन तळहातावर पूर्ण मावत नाही, पण कपाटाच्या फळीवर त्याच्यामागे चार डबे आरामात उभे राहतात. डबल ओमध्ये आठ फूट लागणारा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, इथे सहा फुटांत बसतो आणि तरीही चाकांचे आरे, वाफेच्या नळ्या, दारांच्या मुठी चष्म्याच्या मदतीने का होईना, दिसतात. माझ्या मते ब्रिटनमधल्या लहान घरांसाठी याहून शहाणे माप निघालेले नाही. बाजाराला ते पटले नाही. साठच्या दशकात एका बाजूने डबल ओचा पसारा वाढत गेला, दुसऱ्या बाजूने ९ मिलिमीटर रुळांची एन गाडी आली आणि ट्राय-अँगने त्याच दशकात टीटीचे उत्पादन गुंडाळले.

छंदाला खरा रंग चढला तो त्यानंतर. १९६५ मध्ये थ्री मिलिमीटर सोसायटी स्थापन झाली आणि जे माप कारखान्याने वाऱ्यावर सोडले, ते सभासदांनी आपापसांत जगवले. कोणी चाके करवून घेतली, कोणी पितळी पत्र्यांचे संच काढले, कोणी डब्यांच्या बाजू छापल्या. ज्यांना ते अरुंद रूळ सहन होत नव्हते, त्यांनी १४.२ मिलिमीटरचे अचूक रूळ स्वीकारले, काहींनी १३.५ वर तडजोड केली. आजही एकाच प्रमाणात तीन रुंदींचे रूळ नांदतात, आणि तीनही पंथांची माणसे एकमेकांच्या गाड्यांचे मनापासून कौतुक करतात. वारकऱ्यांच्या दिंड्यांसारखे हे आहे: वाटा वेगळ्या, मुक्काम एक.

जमवण्याच्या बाजूने पाहिले तर जिंटी अगदी मुबलक मिळते आणि तिची किंमतही खिशाला झेपते. जुने इंजिन विकत घेताना मी रंगाकडे नंतर पाहतो. आधी डबे जोडणाऱ्या कपलिंगचे आकडे शाबूत आहेत का, टोकाचे धक्के झेलणारे बफर तुटलेले नाहीत ना, आणि मोटारीचे कार्बन ब्रश किती झिजले आहेत, हे तपासतो. बरेचदा इंजिन बिघडलेले नसते. जुने तेल डिंकासारखे घट्ट झालेले असते आणि कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या, फटींत कार्बनची काळी भुकटी बसलेली असते. ती काडीने हलकेच काढून नवे तेल अगदी थेंबभर सोडले की १२ व्होल्टवर ते गुरगुरत निघते. पुन्हा रंगवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण संग्राहकाच्या दृष्टीने कारखान्याचा ओरखडलेला रंगही नव्या रंगापेक्षा मोलाचा असतो.

बांधणीचे काम याहून संथ आणि मला अधिक प्रिय आहे. पितळेचा पत्रा आम्लाने कोरलेला असतो. जिथे घडी घालायची तिथे अर्ध्या खोलीची रेघ असते, आणि ती रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवायची असते. टेंडरच्या पत्र्यावर मागच्या बाजूने असेच अर्ध्या खोलीचे बारीक ठिपके असतात. पत्रा किंचित दबणाऱ्या पाटावर ठेवून प्रत्येक ठिपक्यावर बोथट सुई टेकवायची आणि सारख्या जोराने दाबायची, की पुढच्या अंगाला रिवेटचा उंचवटा उमटतो. सगळी कसोटी त्या ‘सारख्या जोरात’ आहे, कारण एखादा रिवेट जास्त फुगला तर रंग दिल्यावर तोच आधी दिसतो. मग सांध्याची जागा साफ करणारा फ्लक्स, सांधा जोडणारे सोल्डर आणि कानस. चिमणी, घुमट अशा व्हाइट मेटलच्या, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूच्या, सुट्या भागांसाठी ७० अंशांवर वितळणारे सोल्डर वापरावे लागते, कारण नेहमीच्या उष्णतेने तो भागच वितळून जातो. पण ते सोल्डर पितळेला नीट धरत नाही, म्हणून पितळेवर आधी साध्या सोल्डरचा पातळ थर चढवून घ्यावा लागतो.

आता नव्या टीटीविषयी. आधी पीको या कंपनीने आणि मग २०२२ मध्ये हॉर्नबीने ब्रिटिश गाड्यांसाठी १:१२० हेच मूळ प्रमाण आणले. हॉर्नबी म्हणजे वंशपरंपरेने मार्गेटचे तेच ट्राय-अँग, ज्याने पूर्वी टीटी सोडून दिले होते. मोटारी आता इतक्या लहान झाल्या आहेत की जुनी सबब उरलेली नाही, आणि या गाड्या रुळांवर नेमक्या शोभतात, हे मान्य करायलाच हवे. तरी मी तिकडे गेलो नाही. १:१०१.६ च्या डब्याशेजारी १:१२० चा डबा उभा केला की दोन्ही चुकीचे दिसतात, आणि ज्या मापात जवळजवळ सगळे हाताने करावे लागते, त्याची सवय मोडायची माझी इच्छा नाही.

शिवाय तीन मिलिमीटरमध्ये एक हिशेब असा आहे की मराठी माणसाने तो एकदा मांडून पाहावा. भारतीय ब्रॉड गेज साडेपाच फुटांचा आहे. साडेपाच गुणिले तीन म्हणजे १६.५ मिलिमीटर, आणि ही तर डबल ओच्या, कुठेही मिळणाऱ्या रुळांची रुंदी. जे रूळ ब्रिटिश गाडीला अरुंद पडतात, ते आपल्या गाडीला या मापात अचूक बसतात. चाकांचेही जमते: बॉक्सएन या भारतीय मालवाघिणीचे एक मीटर व्यासाचे चाक इथे ९.८ मिलिमीटरचे होते आणि अमेरिकेत रूढ असलेल्या एचओ मापातली ३३ इंची चाके ९.६ च्या आसपास असतात.

म्हणून सध्या टेबलावर जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या ‘क्रोकोडाइल’ या विजेच्या इंजिनाचे रेखाटन आहे. रेल्वेतली माणसे त्याला खेकडा म्हणत. स्विस लोकोमोटिव्ह वर्क्सने पहिली दहा इंजिने केली आणि उरलेली लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीने, त्यामुळे भोर घाटात मालगाड्या चढवणारे हे इंजिन ब्रिटिश टीटीच्या फळीवर अगदीच परके ठरणार नाही. खरी अडचण जॅकशाफ्टची, म्हणजे मोटारीची गती दांड्यांकडे पोचवणाऱ्या आसाची आहे. दोन्ही बाजूंचे दांडे तीन चाकांना आणि त्या शाफ्टला जोडलेले असल्यामुळे दांडे जिथे अडकतात त्या सगळ्या क्रँकपिनांमधले अंतर केसभरही चुकून चालत नाही, आणि दांडे मी निकेल सिल्व्हरच्या पत्र्यातून दोन-दोन एकत्र सोल्डर करून, एकदमच भोके पाडून कापणार आहे.