बेल्टचा फॅन

जुन्या जीपवाल्यांच्या कानात एक आवाज कायमचा बसलेला असतो. गाडी तिसऱ्या गिअरात ओढायला लागली की पुढून जे घोंघावतं ना, ते. नव्या माणसाला वाटतं काय इंजिन आहे राव, पण त्यातला बराचसा आवाज इंजिनाचा नसतोच, तो रेडिएटरच्या मागं फिरणाऱ्या फॅनचा असतो. वॉटर पंपाच्या पुलीवर बोल्टने आवळलेली पाती, बेल्टने फिरणारी, इंजिन चालू तोवर चालू आणि बंद झालं की बंद. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजमध्ये हीच भानगड होती आणि माझ्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्येही हीच, मधल्या काळात जग कुठच्या कुठं गेलं पण हा फॅन आपला तिथंच गरगरतोय.

आता ह्या फॅनचा स्वभाव बघा. त्याला उष्णतेशी काही देणंघेणंच नाही. तो फक्त इंजिनाकडं बघतो. ऑफिसात साहेब धावले की धावणारे आणि साहेब बसले की बसणारे लोक असतात ना, तसा. हायवेला ऐंशीने जाताना समोरून फुकटची हवा रेडिएटरवर आदळत असते, फॅनची काही गरज नसते, तेव्हा हा जीव खाऊन फिरतो. आणि कोल्हापूरच्या दसरा चौकात मे महिन्यात दुपारी एक वाजता सिग्नलला उभे आहात, पुढं केएमटीची बस, मागं रिक्षा, हवा ठार बंद, तेव्हा हे महाशय आयडलिंगला निवांत. शिवाय फिरायला ताकद लागते ती वेगळीच, आणि फॅनचा हिशोब फार वाईट असतो, वेग दुप्पट झाला की ताकद दुप्पट नाही, आठपट लागते. म्हणजे जेव्हा गरज सगळ्यात कमी तेव्हा खर्च सगळ्यात जास्त.

ह्यावर नंतरच्या मोठ्या गाड्यांत व्हिस्कस फॅन आला, त्यात सिलिकॉनचं तेल आणि पुढं बायमेटलची, म्हणजे दोन धातूंच्या पट्टीची छोटी स्प्रिंग असते, रेडिएटरमधून येणारी हवा तापली की स्प्रिंग हलते, तेल आत सरकतं आणि फॅन पुलीला पकडतो, हवा थंड असली की बराचसा मोकळा फिरतो. डोकं लावलेलं काम आहे, मला आवडतं. पण इलेक्ट्रिक फॅन आपल्या गल्लीत आला तो मारुती ८०० बरोबर, १९८३ नंतर. अँबेसेडर आणि पद्मिनीचं इंजिन उभं, तोंड रेडिएटरकडं, त्यामुळे बेल्टचा फॅन सरळ बसायचा. मारुतीचं इंजिन आडवं. पुली बाजूला तोंड करून, रेडिएटर पुढं, मग बेल्टने फिरवणार कसा? मोटर लावण्यावाचून इलाजच नव्हता.

माझ्या जीपला काही त्रास होता का? नव्हता, खरं सांगायचं तर. काटा मध्यावर असायचा. पण जुनी जीप पाळणाऱ्या माणसाला खाज असते, तिला औषध नाही. त्यात पावसाळ्यात ओढ्यात गाडी घालायची हौस. पाण्यात बेल्टचा फॅन म्हणजे जोखीम, पाती पाण्यात शिरली की बोटीच्या पंख्यासारखं पाणी ढकलायला जातात, पुढं वाकतात आणि रेडिएटरला घासतात, जोरात गेलात तर जाळी फाडूनच मोकळी. आणि इंजिनभर पाण्याचा सडा. जुनी माणसं ग्रिलवर ताडपत्री बांधायची नाहीतर बेल्टच उतरवून पाण्यात घालायची आणि पलीकडं गेल्यावर परत चढवायची. बायको म्हणाली, ओढ्यात घालायचीच कशाला पण? ह्या प्रश्नाला आजवर कुठल्याही जीपवाल्याकडं उत्तर नाही.

शेवटी बेल्टचा फॅन काढून इलेक्ट्रिक लावायचं ठरवलं. मग उद्यमनगर. कोल्हापुरात गाडीचं कुठलंही वेडं काम असलं की पाय आपोआप तिकडंच वळतात. मिस्त्रींनी आधी बॉनेटखाली डोकं घातलं, पंपाच्या नाकापासून रेडिएटरपर्यंत वीत लावून बघितली आणि म्हणाले, "मालक, एक मोठा फॅन बसत न्हाई. मोटरचं पोट पुलीला लागतंय. बारके दोन घ्या." दोन फॅन का लावतात ह्याचं मला भारी काहीतरी शास्त्रीय कारण वाटायचं, एक बंद पडला तर दुसरा चालावा वगैरे, तोही फायदा आहेच, पण इथं कारण एवढंच की मधोमध पुलीचं नाक येतं आणि दोन फॅन त्याच्या दोन्ही बाजूला बसतात. भंगारातून दोन मिळाले, छोट्या कारचे, त्यांच्या प्लास्टिकच्या कड्यासकट.

बसवायचं काम बघण्यासारखं होतं. काही लोक रेडिएटरच्या जाळीतूनच प्लास्टिकचे टाय आरपार ओवून फॅन अडकवतात, पाच मिनिटांत काम, पण गाडी हादरते तसा टाय घासत राहतो आणि एक दिवस नळीला भोक. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमची पट्टी कापली, रेडिएटरच्या चौकटीलाच भोकं होती त्यांना धरून आडव्या दोन पट्ट्या मारल्या आणि फॅन त्यावर रबराच्या वायसरीवर बसवले. मग जुना फॅन काढला. काढताना चार बोल्ट निघाले आणि त्याच चार बोल्टांवर पुलीसुद्धा असते, आता मधली फॅनची जाडी गेल्यावर तेच बोल्ट परत आवळले तर लांब पडतात आणि आत टेकतात, पुली आवळल्यासारखी वाटते पण आवळलेली नसते. म्हणून आखूड बोल्ट शोधायला पोरगं पळालं. असल्या गोष्टी व्हिडिओत कुणी सांगत नाही, तिथं सगळं दोन मिनिटांत गाण्यासकट होतं.

फॅन हवा ओढतोय की ढकलतोय हेही बघावं लागतं. वायर उलटी लागली की मोटर उलटी फिरते आणि फॅन इंजिनाची गरम हवा रेडिएटरवर फेकत बसतो, जी समोरून येणाऱ्या हवेशी भांडते. मिस्त्रींनी पुढारीचं एक पान फाडून ग्रिलपुढं धरलं. पान सटकन जाळीला चिकटलं. झालं, पास.

पण ह्या सगळ्या कामाचा जीव वायरिंगमध्ये आहे, फॅन काय कुणीही बसवेल. दोन फॅन मिळून चोवीस-पंचवीस अँपिअर घेतात आणि सुरू व्हायच्या क्षणी त्याच्या कितीतरी वर झटका मारतात. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेला तर स्विच वितळायचाच. म्हणून रिले, म्हणजे बारक्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. तिच्या पिनांना नंबर असतात, तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला फॅन, पंचाऐंशी-शहाऐंशीला थर्मोस्विच, म्हणजे पाणी तापलं की आपोआप लागणारा स्विच, हे आकडे ऑटो इलेक्ट्रिशियन झोपेत पण सांगेल. प्रत्येक फॅनला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, जाड वायर, आणि अर्थिंग गंजलेल्या पत्र्यावर नाही, घासून चकचकीत केलेल्या जागी. थर्मोस्विचसाठी रेडिएटरवाल्याकडून वरच्या टाकीला डाख मारून पितळी नट बसवून घेतला. ९२ अंशाला फॅन चालू, ८७ ला बंद. इंजिनातला थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप, ८२ च्या आसपास उघडतो, त्याच्या खाली फॅन बंद व्हायचा ठेवला तर फॅन बंदच होत नाही, हे साधं वाटतं पण लोक चुकतात.

मायलेज वाढतं म्हणतात. मला काही फरक मोजता आला नाही. हिशोब करून बघा, सव्वातीनशे वॉटचे फॅन, वीज तयार करणारा अल्टरनेटर वाटेत निम्म्याच्या आसपास खाणार, म्हणजे इंजिनावर सहाशे-साडेसहाशे वॉटचा भार, एक हॉर्सपॉवरच्या आतच. जास्त वेगाला बेल्टचा फॅन ह्याच्या कैक पट खातो, खरंय, आणि इलेक्ट्रिक फॅन बराच वेळ बंदच असतो. पण जीपसारखी चौकोनी विटेसारखी गाडी हवेत ढकलायलाच एवढं डिझेल जातं की फॅनने वाचवलेलं त्यात कुठं दिसणार.

फरक पडला तो आवाजात. पहिल्यांदा गाडी बाहेर काढली आणि शाहू नाका ओलांडून हायवेला लागलो तर जीप गप्पच. म्हणजे घोंघावणं गेलं, आणि त्याच्या खाली इतकी वर्षं दबून बसलेली मंडळी एकेक करून बोलायला लागली. टॅपेटची टकटक. मागच्या डिफरन्शियलची शीळ, ती तर नेमकी साठलाच सुरू होते. डाव्या दाराचं बिजागर. टपावरच्या हुडची एक पट्टी. आधी वाटलं फॅनच्या कामात काहीतरी बिघडलं, पण नाही, सगळे जुनेच होते, फक्त ऐकू आता येत होते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे कान. बेल्टचा फॅन होता तेव्हा मी फॅनचा विचारच करत नव्हतो, बेल्ट आहे म्हणजे फॅन आहे. आता मी ऐकत असतो. कोकणातून गगनबावड्याला करूळ घाट चढताना, दुसऱ्या गिअरात, इंजिन ओरडतंय, गाडीचा वेग पंचवीस, वारा पाठीमागून, म्हणजे रेडिएटरला हवा शून्य, काटा मध्य ओलांडून जरा वर सरकतो आणि मी बोलणं थांबवतो. मित्र म्हणतो काय झालं, मी हात वर करतो, थांब. मग बॉनेटखाली रिले टक करतो आणि दोन्ही फॅन एकदम सूं करून लागतात. मग मी वाक्य पुढं पूर्ण करतो. मित्रांना आता सवय झालीय.

आणि इथं बेल्टच्या फॅनची बाजू घेतलीच पाहिजे. असल्या चढाला इंजिन पळत असतं म्हणून तोही जोरात पळतो आणि भरपूर हवा ओढतो, दोन बारक्या मोटरींना तेवढी हवा ओढणं जड जातं. शिवाय त्याच्यात बिघडायला आहे काय? फ्यूज नाही, रिले नाही, सेन्सर नाही. बेल्ट तुटला तर कळतंच, चार्जिंगचा लाल दिवा लागतो. त्यामुळे कुणी शेतावर ट्रॉली ओढायला जीप ठेवली असेल, किंवा घाटातच रोजचा धंदा असेल, तर मी म्हणेन हात लावू नका. शहरात रोज ट्रॅफिकमध्ये सडणाऱ्या आणि पावसात ओढे शोधत फिरणाऱ्यांनी जरूर लावावा. ओढ्याआधी मी डॅशवरचा छोटा स्विच खाली करतो, थर्मोस्विच काही म्हणो, फॅन बंद. चालू राहिला तर पाण्यात पाती अडकून मोटर जळते, म्हणजे पाण्याची भीती पूर्ण गेलेली नाही, फक्त बेल्ट उतरवण्याऐवजी एक बोट लागतं. पलीकडं गेल्यावर स्विच परत वर करायचं लक्षात राहावं म्हणून शेजारी एक नारिंगी दिवा लावून घेतलाय, स्विच खाली असला की तो पेटतो.

जुना फॅन, त्याचे लांब बोल्ट आणि एक बेल्ट पोत्यात गुंडाळून मागच्या सीटखाली टाकलाय. वाटेत मोटर गेली तर परत चढवता येईल. सासरे म्हणतात मग काढला कशाला. रात्री मात्र एक लफडं आहे, हेडलाइट, वायपर आणि दोन्ही फॅन एकदम लागले की आयडलिंगला दिवे मिणमिणतात, जुन्या अल्टरनेटरला एवढं झेपत नाही. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी हात पुसत परत बॉनेट उघडलं, ब्रॅकेटला वीत लावली आणि म्हणाले, "हितं मोठा बसतोय की. रविवारी या."